एक ठोका जास्त

माझी माय पिंगळीच्या अलीकडे रुळावर गाडीखाली गेली, त्या दिवशी जिनिंगच्या घड्याळाचे काटे सतरा मिनिटे मागे होते. हे सिद्ध करायला लिंबाजी मिस्त्रींना बावीस दिवस लागले. मी त्यांना मामा म्हणत असे. ते मायच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. रक्ताचे नाते नव्हते.

जिनिंग रुळाच्या पलीकडे होती आणि आमची वस्ती अलीकडे. कापसाच्या हंगामात वस्तीतल्या तीस-चाळीस बायका तिथे सरकी काढणाऱ्या रेच्यांवर कापूस टाकायला जात. मामा तिथले मिस्त्री. इंजिन, पट्टे, रेचे हे सगळे त्यांच्याकडे होतेच, पण ऑफिसच्या भिंतीवरचे लंबकाचे मोठे घड्याळ हीच आपली खरी नोकरी, असे ते वागत. त्या घड्याळावर भोंगा वाजे. भोंग्यावर बायका आत जात आणि भोंग्यावर बाहेर पडत. वस्तीतल्या चुलीसुद्धा भोंग्यावरच पेटत, कारण आमच्याकडे कुणाच्याच घरी घड्याळ नव्हते.

रोज दुपारी चारला तारेवरून सगळ्या स्टेशनांना वेळ येत असे. मामा त्याआधी सायकलवर स्टेशनात जाऊन बसत, आपले खिशातले घड्याळ त्या वेळेला लावत आणि परत निघत. येताना ते कुणाशी बोलत नसत. काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन चालावे तसे येत. मग जिनिंगच्या घड्याळाची काच उघडून फरक बघत आणि तो एका चिठ्ठीवर मांडून चिठ्ठी घड्याळाच्या पेटीच्या दाराच्या आतल्या खिळ्याला टोचून ठेवत. निजामाच्या राज्यात शाळा शिकल्यामुळे त्यांचे आकडे उर्दू असत. ते मला वाचता येत नसत. पुढचे मात्र सगळ्यांना कळण्यासारखे होते: ते काट्यांना कधीही हात लावत नसत. लंबकाखाली एक लहानसा आटा असतो. तो वर फिरवला की घड्याळ किंचित जलद चालते, खाली फिरवला की हळू. मामा तेवढा आटा फिरवत, कधी अर्धा, कधी पाव, आणि काच लावून टाकत.

एकदा मी म्हणाले, "मामा, दोन मिनिटांच्या फरकासाठी चार दिवस कशाला? काटा फिरवला की झालं."

"तुझ्या वर्गातलं पोरगं चुकलं तर त्याची मानगूट धरून मागच्या इयत्तेत नेऊन बसवतीस का?"

"नाही."

"मग! घड्याळाला ढकलायचं न्हाई, समजावायचं. पुढं पळालं तर जरा हळू चालव, मागं पडलं तर जरा दामटव. आपोआप येतंय वेळंवर. लय शिकलीस तू, पर तुझ्या हातात घड्याळ न्हाई द्यायचो मी."

माय शेजारी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "लिंबादादा, त्या घड्याळाला घरलाच आणा आता. वहिनीला कळू द्या तरी, सवत दिसायला कशी हाय ते." मामा लाजले. त्यांचे कानसुद्धा लाल झाले होते. मी त्या वर्षी पेडगावच्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते आणि शनिवारी घरी येत असे. वस्तीतली शिकलेली पहिली मुलगी म्हणून मायला माझा तोरा होता आणि मला माझा होता. मामा तो मधूनमधून उतरवत.

काटा मागे न नेण्याचे आणखी एक कारण त्यांनी मला सांगितले होते. त्या घड्याळात ठोक्यांचे चाक वेगळे होते. त्याला काट्यांशी देणेघेणे नसते. पाच ठोके झाले की पुढच्या खेपेला सहा, मग सात, एवढेच त्याला कळते. पाच वाजून गेल्यावर कुणी काटा पाचाच्या मागे नेला, तर काटा पुन्हा पाचावर येतो तेव्हा ठोके सहा पडतात. नंतर काटे कितीही नीट लावा, ठोका एक जास्तच पडत राहतो, जाणकार माणूस आत हात घालून ते चाक जुळवीपर्यंत. "काटा इसरतोय," मामा म्हणत, "ठोका इसरत न्हाई."

घड्याळाच्या पेटीला दोन किल्ल्या होत्या. एक मामांच्या करदोड्याला, दुसरी मॅनेजरच्या टेबलाच्या खणात.

दुष्काळ संपून पहिलाच चांगला कापूस आला होता तो हंगाम. मामा पुतण्याच्या लग्नासाठी एक दिवसाची रजा घेऊन गंगाखेडला गेले. मॅनेजरला सकाळच्या ट्रकांसाठी कापसाच्या गठाणी पुऱ्या करायच्या होत्या. पाच वाजून गेल्यावर त्याने पेटी उघडली आणि काटा सतरा मिनिटे मागे नेला. रेच्यांच्या आवाजात ऑफिसातले ठोके कुणालाच ऐकू जात नसत. सहाचा भोंगा सहा वाजून सतरा मिनिटांनी झाला.

बायकांचा हिशेब साधा होता. भोंगा झाला की सात मिनिटांत रूळ, आणि पूर्णेकडची पॅसेंजर त्यानंतर सतरा मिनिटांनी. भोंग्यानंतर रूळ आपला, असे त्या म्हणत. त्या दिवशी त्या नेहमीच्या पावलांनी निघाल्या आणि बरोबर गाडीच्या वेळेला रुळावर पोचल्या. अंधारून आले होते. माय सर्वांत पुढे होती. डोक्यावर जळणाच्या पऱ्हाट्यांचा भारा, थंडीसाठी पदर कानांवर घट्ट. दिवसभर रेच्याजवळ उभे राहिलेल्या बाईला संध्याकाळी तासभर नीट ऐकू येत नाही. मागच्या दोघींनी धूर पाहिला आणि त्या ओरडल्या. मागच्या सगळ्या थांबल्या.

पोलीस येईपर्यंत मॅनेजरने काटे पुन्हा पुढे आणून ठेवले होते. घड्याळ बरोबर होते. पंचनाम्यात त्याने सांगितले की भोंगा नेहमीप्रमाणे सहालाच झाला, ही बाई पऱ्हाट्या चोरायला मागे रेंगाळली, आणि तिच्या घरात काही कुरबूर असल्यास आपल्याला कल्पना नाही. शेवटच्या वाक्याचा अर्थ मला कळत होता. माय आपल्या पायाने गाडीखाली गेली, असे त्याला सुचवायचे होते. आम्ही भोंगा होताच निघालो, कुठे थांबलो नाही, असे बायका शपथेवर सांगत होत्या. पण चाळीस बायका एका घड्याळापुढे खोट्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी जिनिंगच्या फाटकाशी गेले. माझ्या शाळेच्या पिशवीत रॉकेलची बाटली आणि काडेपेटी होती. आवारात घराएवढा कापसाचा ढीग होता. माझी झोप आणि रडणे दोन्ही गेले होते. तो ढीग पेटलेला मला डोळ्यांपुढे दिसत होता आणि त्याच्या उजेडात मॅनेजरचा चेहरा. हे आज लिहिताना मला लाज वाटत नाही.

मामांनी माझा दंड धरला. "पिशवीत काय हाय?"

"पुस्तकं."

"पुस्तकांला रॉकेलचा वास कवापासून यायलाय?"

"सोडा मामा. तुमी त्याचेच नोकर."

"हौ, त्याचाच. चल, पाणी पी."

त्यांनी मला ऑफिसच्या ओट्यावर बसवले. मॅनेजर जेवायला गेला होता. आत घड्याळात एक वाजायला आला होता. मामा म्हणाले, "मोज."

ठोका पडला. मग आणखी एक.

"किती?"

"दोन."

"काटे बघ."

काटे एकावर होते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी आवाज न चढवता सांगितले, "मी गंगाखेडवरनं आलो त्या सकाळी नऊला धा पडले. तवाच समजलो. त्यानं काटा मागं नेला, पुन्यांदा पुढं आणून ठेवला, आन् त्याला वाटायलंय सगळं पुसलं."

"मग पोलिसाला सांगा की!"

"फौजदार त्याच्याच खुर्चीवर चहा पिऊन गेलाय. तो म्हणंल, दुरुस्त करून टाका. वरनं चौकशीचा साहेब यायचाय. तवर ह्याला असंच वाजू दे. रोज चोवीस डाव हे त्याच्या तोंडावर चुगली करायलंय आन् त्याला कळंना." मग माझ्या पिशवीतून बाटली काढून घेत ते म्हणाले, "तू जाळलंस तर काय ऱ्हाईल? राख. राखंला ठोके पडत न्हाईत, विमल."

ती बाटली त्यांनी रेच्यांची पाती धुवायला वापरली.

ते बावीस दिवस मी कशावर काढले, हे कुणाला सांगितले तर विचित्र वाटेल. मी ठोक्यांवर काढले. शाळेतून रजा घेतली होती. रेचे बंद असायचे तेव्हा, म्हणजे सकाळी भोंग्याआधी आणि दुपारच्या सुट्टीत, मी कुंपणाला टेकून उभी राहायची आणि मोजायची. सहाला सात. एकाला दोन. तो जास्तीचा ठोका मला मायचा वाटे. तो आत बसलेल्या माणसाच्या डोक्यात पडतो आहे, आणखी पडणार आहे, या विचाराने मला जेवण जाऊ लागले.

मॅनेजर अगदीच बहिरा नव्हता. त्याने एकदा विचारले, "मिस्त्री, हे घड्याळ वेडं झालं का हो?"

मामा म्हणाले, "ठोक्याचं चाक झिजलंय साहेब. हैद्राबादवरनं मागवायला लागंल."

"वेळ बरोबर आहे ना? मग वाजेनात का कितीही."

मामांचे मला ठाऊक असलेले हे एकच खोटे. ते मला सांगताना त्यांनी दोनदा घाम पुसला. त्याच दिवसांत त्यांनी बायकांना बरोबर घेऊन फाटकापासून रुळापर्यंतची वाट खिशातले घड्याळ हातात धरून तीनदा चालून पाहिली. तिन्ही खेपेला सात मिनिटे झाली. पॅसेंजर त्या दिवशी सहा चोवीसला गेल्याची नोंद स्टेशनात होती. चोवीसातून सात गेले, सतरा राहिले.

चौकशीचा अधिकारी सडपातळ, चष्मेवाला माणूस होता. ऑफिसातच घड्याळाखाली बसून त्याने जबान्या घेतल्या. मी दाराशी उभी होते. मॅनेजरने मागचेच सगळे पुन्हा सांगितले. अधिकाऱ्याने विचारले, "या घड्याळाच्या काट्यांना तुम्ही कधी हात लावला?"

"मी? छे. मिस्त्रींशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. मी तर कधीच नाही."

"लिहून घ्या," अधिकारी कारकुनाला म्हणाला.

थोड्या वेळाने अकरा वाजले आणि बारा ठोके पडले. अधिकाऱ्याने मान वर केली. मामा पुढे झाले. "साहेब, इजाजत असंल तर एक गोष्ट दाखवतो."

त्यांनी करदोड्याची किल्ली काढून पेटी उघडली आणि आत बोट घालून ठोक्यांचे चाक सुटे वाजवायला लावले. एक, दोन, तीन असे करत ते अकरापर्यंत वाजत गेले. मग त्यांनी काटे पुढे नेऊन बारावर आणले. बारा ठोके पडले. "आता हे दुरुस्त हाय," मामा म्हणाले. "आता बघा."

त्यांनी मिनिटकाट्यावर बोट ठेवले आणि ते तसेच थांबले. वीस वर्षे त्यांनी जे केले नव्हते ते त्यांना आता करायचे होते. त्यांनी काटा दहा मिनिटे मागे ढकलला, बोट काढले आणि पुन्हा बारावर आणला.

काटे बारावर होते. ठोका एकच पडला.

"मागं नेल्याबिगर असं होत न्हाई साहेब. आन् अपघाताच्या दिवशी सकाळी आठला आठच पडले होते. त्याच पायी मी रजंवर गेलो."

मॅनेजर उभा राहिला. "यानंच केलं असेल! किल्ली याच्याकडे असते."

"त्या दिवशी यांना रजा कुणी दिली?" अधिकाऱ्याने हजेरीबुक पुढे सरकवले. सही मॅनेजरची होती. "आणि दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

मॅनेजरने कपाळ पुसले. "असेल, चुकून एखाद्या वेळेस हात लागला असेल. एखाद्या वेळेस."

मी त्या क्षणाची वाट बावीस दिवस पाहिली होती. त्याचा खालचा ओठ लोंबत होता आणि मी तो डोळे भरून पाहत होते. तेवढ्यात मामांनी पेटीच्या दाराच्या खिळ्यावरून चिठ्ठ्यांची चळत काढली आणि टेबलावर ठेवली.

"एखाद्या येळंस न्हाई साहेब. ह्या हंगामात आठ डाव. जिथं फुली हाय तिथं बघा. कधी चार मिनिटं, कधी सहा. दुसऱ्या दिशी मी ठोके जुळवायचो, आटा फिरवून वेळ हळूहळू भरून काढायचो."

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "तुम्हाला माहीत होतं? मग कळवलं का नाही?"

"नोकरी होती साहेब."

एवढेच. मग ते माझ्याकडे वळले, आणि मी मान फिरवली.

घड्याळाचे काटे बारावर होते आणि खरी वेळ सव्वाअकरा. काटे मागे नेण्याऐवजी मामांनी लंबक धरून घड्याळ थांबवले आणि हातात खिशातले घड्याळ घेऊन बारा वाजेपर्यंत त्याच्यासमोर उभे राहिले. बाराला लंबक सोडला. ठोके मात्र त्यांनी पुन्हा जुळवले नाहीत. अधिकाऱ्याने तसे ठेवायला सांगितले होते.

अहवालात माय चोर नव्हती आणि आपल्या पायाने गेलेलीही नव्हती. ती भोंगा ऐकून घरी निघालेली बाई होती. तो कागद माझ्याकडे आहे. मॅनेजरला काढले, म्हणजे मालकाच्या दुसऱ्या गावच्या जिनिंगवर पाठवले. मामांना हंगाम संपताच घरी बसवले. भोंग्याला विजेचे घड्याळ आले. चुकीचे ठोके देणारे जुने घड्याळ भंगारात टाकायला काढले, तेव्हा मामांनी ते मागून घेतले आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेले. मामी सवतीला हसली का, मला माहीत नाही. मी तेव्हा त्यांच्याकडे जात नव्हते.

चार वर्षे मी गेले नाही. आठ फुल्यांपैकी पहिल्याच फुलीला ते वस्तीत येऊन बोलले असते, भोंग्यावर भरवसा ठेवू नका एवढे म्हणाले असते, तर माय रुळापाशी थांबली असती. मॅनेजरवर माझा हात पोचत नव्हता. मामांवर पोचत होता. ते वस्तीत यायचे तेव्हा मी दार लावून घ्यायची. दाराबाहेर ते थोडा वेळ थांबायचे. पावलांच्या आवाजावरून कळायचे मला, गेले की नाही ते. मायच्या स्मृतिदिनाला बुद्धवंदनेसाठी सगळी वस्ती आली, ते शेवटच्या ओळीत बसले, मी सर्वांना खीर वाढली आणि त्यांच्यापाशी आल्यावर पातेले खाली ठेवून आत गेले. बाकीचे बघत होते. त्यांनी बघावे, हेच मला हवे होते.

मग एके दिवशी परभणीच्या बसस्टँडवर मला मॅनेजर दिसला. केस पांढरे झालेले, हातात पिशवी, मनगट मोकळे. त्याने मला ओळखले नाही. ओळखणार कसा, त्याने माझ्याकडे कधी पाहिलेच नव्हते. म्हणाला, "बाई, किती वाजले? माझी पाचची गाडी आहे, मागच्या बाजूला लागते म्हणे."

माझ्या मनगटावर घड्याळ होते. पाचाला पाच मिनिटे कमी होती. मी म्हणाले, "पाचाला बावीस कमी आहेत. सावकाश बसा."

तो बाकावर बसला आणि बरोबरच्या डब्यातले पोहे काढून खाऊ लागला. पाचला त्याची गाडी निघून गेली. मी खांबाआड उभी राहून पाहिली. नंतर तो चौकशीच्या खिडकीशी हात हलवत भांडत होता. दुसरी गाडी सकाळीच होती.

ही गोष्ट जगात एकाच माणसाला सांगण्यासारखी होती. मी तिथून तडक मामांकडे गेले.

ते खाटेवर होते. छातीत कफ साठला होता. घड्याळ त्यांच्या पायाकडच्या भिंतीवर होते. मामीने मला पाहून हातातला तांब्या खाली ठेवला. मी मधले काहीही न बोलता सरळ बसस्टँडची हकीकत सांगितली.

"सतराच?" मामांनी विचारले.

"सतराच."

ते हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, मामीने पाठ चोळली, तरी हसतच होते. डोळ्यांतून पाणी आले. मग डोळे पुसून म्हणाले, "पुन्यांदा असं करू नको विमल. वेळ खोटी सांगायची न्हाई. त्यालाबी न्हाई."

"तुमी सांगितली की. आठ डाव."

"म्हणून तर म्हणायलो." त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "मी घड्याळालाच समजावत बसलो. माणसाला समजावायचं ऱ्हायलं."

मी त्यांना पाणी दिले. माफ केले असे म्हणाले नाही, त्यांनीही विचारले नाही. त्यानंतर मी दर शनिवारी जात असे. ते सांगत तसा आटा फिरवत असे, कधी अर्धा, कधी पाव. "तुझ्या हातात घड्याळ न्हाई द्यायचो म्हणलं होतं," एकदा ते म्हणाले, "दिलं बघ." होळीच्या आधी ते गेले. मामीने घड्याळ माझ्याकडे पाठवले.

ते आता माझ्या भिंतीवर आहे. काटे बरोबर असतात. ठोका एक जास्त पडतो. ते चाक कसे जुळवायचे हे मामांनी मला शिकवले होते. मी ते जुळवलेले नाही.